शिळ्या पाण्यातला मासा

माफी मागणं हा माझा जुना आजार आहे. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅचला होतो तेव्हा हातातून खोकं निसटलं तर मी आधी खोक्याला ‘सॉरी’ म्हणायचो आणि मग ते कुणी ऐकलं असेल म्हणून ऐकणाऱ्यालाही. बायको म्हणते, “तुम्ही जन्मलात तेव्हा रडलाच नसाल. सुईणीला ‘त्रास दिला हं’ म्हणाला असाल.” अशा माणसाने आठ दिवस एक गुन्हा पोटात दडवला, आणि तोही अशा एका माणसापासून ज्याला समोरच्याचे नुसते ओठ हलले तरी सगळं कळत असे. हे मला कसं साधलं, ते आज इतक्या वर्षांनीही नीट सांगता येणार नाही. पण सांगून टाकलेलं बरं.

त्या माणसाला आम्ही सगळे काका म्हणायचो. टेमघरला त्यांची दुमजली इमारत होती. खाली एका खोलीत ते एकटे, शेजारच्या दोन खोल्यांत मी आणि बायको, वर तीन बिऱ्हाडं आणि गॅलरीच्या टोकाला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या चार उत्तर प्रदेशी मंडळींची एक खोली. काकांनी स्वतः पस्तीस वर्षं लूम दुरुस्त केले होते. अशा माणसाला कारखान्यात जॉबर म्हणतात. लूम अडला की जॉबरला हाक. हाक म्हणायची आपली पद्धत. चाळीस-पन्नास लूम एकदम खडखडत असताना हाक ऐकू जातच नाही. तिथे माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात. ओठ हलवायचे, आवाज खर्च करायचा नाही. पस्तीस वर्षांत काकांचे कान गेले, पण ओठ वाचण्यात त्यांचा हात धरणारा कुणी उरला नाही.

त्यांचा टीव्ही कायम मुका असायचा. बातम्यांत कुणी पुढारी तावातावाने बोलत असला की काका त्याच्या ओठांकडे बघत आम्हाला सांगायचे, “काय न्हाय, घाबरलाय.” समोरच्या इमारतीच्या गॅलरीत दोन बायका उभ्या राहून बोलत असल्या तर इकडे काकांना त्यांच्या घरातल्या भांडणाचा पूर्ण तपशील. त्यामुळे आमच्या गल्लीत एक रीतच पडून गेली होती. काकांच्या दारावरून जाताना बायका पदर तोंडावर धरून बोलायच्या. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, इथे गटाराचा फार वास येत असावा.

दुसरी त्यांची खोड म्हणजे तळहात. कुठलीही वस्तू ते तळहात लावून तपासायचे. फ्रीज, मिक्सर, दुसऱ्याची स्कूटर. एकदा आमच्याकडे माझे साडू आले होते. काकांनी त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, “पट्टा ढिला हाय. तपासून घ्या.” साडू आठवडाभर सगळ्या डॉक्टरांना विचारत होते की शरीरात पट्टा कुठे असतो.

आणि तिसरा तो मासा.

जिन्याखाली, एका भंगारात निघालेल्या लूमच्या लोखंडी सांगाड्यावर काचेची पेटी होती आणि पेटीत एकच गोल्डफिश. लाडू वळायला घ्यावा एवढा. रंग नावापुरताच सोनेरी, एरवी भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखा. सोडून गेलेलं एक बिऱ्हाड तो मागे ठेवून गेलं होतं. काकांनी त्याला नाव दिलं नव्हतं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “नाव ठेवलं का हाक मारावी लागते. त्याला ऐकू येत न्हाय, मला येत न्हाय. कशाला?”

पण बोलणं मात्र चालायचं. मासा तोंड उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो. आपल्याला त्यात काही वाटत नाही. काका मात्र स्टूल ओढून समोर बसायचे आणि वाचायचे. “म्हणतो, तुझा शर्ट उलटा हाय.” मी खाली बघितलं तर खरंच उलटा. “म्हणतो, वरच्या वहिनींनी आज भाजी जाळली.” आता वास मलाही येत होता, पण माशाच्या तोंडून ऐकलं की त्याला वजन यायचं. मला खोली मिळाली तीही माशामुळेच. काकांनी मला आधी पेटीसमोर पाच मिनिटं उभं केलं. मी अवघडून माशाला नमस्कार केला. मासा काचेपाशी येऊन दोनदा तोंड हलवून गेला. “राहा म्हणतो,” काका म्हणाले. माझ्या आधी आलेल्या एका बँकेतल्या साहेबांकडे त्याने शेपूट केलं होतं, म्हणून त्यांना खोली मिळाली नव्हती. त्या साहेबांबद्दलही मला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

काकांची एकुलती एक मुलगी पडघ्याच्या पुढे एका गावात दिली होती. काकू तिच्या लग्नाच्या आधीच गेलेल्या. त्या मुलीला मुलगा झाल्याचा फोन आला तेव्हा काकांनी गल्लीभर पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाळाला बघायला निघाले. एका रात्रीचा प्रश्न होता. त्यांनी मला जिन्याखाली नेलं.

“सकाळी सात दाणे टाक. आठ न्हाय. बाकी कशाला हात लावू नको.”

“नाही लावणार.”

“मोठ्यानं बोल.”

“तुम्हाला तर ऐकू येत नाही काका.”

“त्याला कळू दे.”

मी माशाला मोठ्याने वचन दिलं, आणि काका गेले.

आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी यायचं. पाणी आलं की काय करायचं हे मला लहानपणापासून हाडात मुरलेलं. आधी घरातलं सगळं शिळं पाणी ओतायचं. हंडा, कळशी, पिंप, तांब्या, सगळं. घासून पुसून ताजं भरायचं. आमची आई तर आल्या-गेल्याला शिळं पाणी देणं म्हणजे अपमान मानायची. काका गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नळ सुटला. माझं घरातलं पाणी भरून झालं. ड्युटीला अजून वेळ होता. सात दाणे टाकायला मी जिन्याखाली गेलो, आणि माझी नजर पडली ती तिथल्या निळ्या ड्रमवर.

तो काकांचा माशाचा ड्रम. झाकण नाही. आत चार दिवसांचं पाणी, वर धुळीची साय, एक मेलेला डास. मला इतकं लाजल्यासारखं झालं! एकटा म्हातारा माणूस, करणारं कुणी नाही, आणि आपण शेजारी असून आपलं लक्ष नाही. मी ड्रम उलटा केला. काथ्याने घासला, आतून बाहेरून. ताज्या पाण्याने काठोकाठ भरला. मग पेटीकडे बघितलं. ड्रमातलं पाणी शिळं, तर पेटीतलं किती शिळं असेल? घरातल्या माणसांनी ताजं प्यायचं आणि त्या मुक्या जिवाने त्याच पाण्यात दिवस काढायचे? मी पेटीतलं पाऊण पाणी काढलं आणि नळाचा पाइप थेट आत सोडला. त्या दिवशी पाण्याला औषधाचा वास जरा जास्त येत होता. मला तर तो वास बराच वाटला. म्हटलं, शुद्ध पाणी आहे. पेटी आरशासारखी चकाकायला लागली. मी सात दाणे टाकले. माशाने पाच खाल्ले. मी समाधानाने दापोड्याला गेलो. दिवसभर मनात येत होतं की काका आले की काय म्हणतील. ‘कशाला एवढं केलंस’ म्हणतील, मी ‘त्यात काय’ म्हणेन.

संध्याकाळी पाचला घरी आलो तर मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. अंग एका कुशीवर कललेलं, कल्ले लालभडक, अंगावर दुधाच्या सायीसारखा चिकट थर. मधूनच पेटीभर सैरावैरा धावायचा आणि पुन्हा वर येऊन तोंड वासायचा. मी मोबाइलवर शोधलं. पहिल्याच ओळीत माझा निकाल लागला. नळाच्या पाण्यातल्या औषधाने माशाचे कल्ले भाजतात. पाणी दोन-तीन दिवस उघडं ठेवून, शिळं करूनच वापरावं.

म्हणजे तो ड्रम उघडा होता तो काकांच्या आळसाने नव्हे. ते पाणी मुरवून ठेवलेलं होतं. आणि मी ते गटारात ओतलं होतं.

मोबाइल हातात धरून मी उभा होतो तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, “काय म्हणतो गडी?”

ते पिशवी घेऊन इमारतीच्या दारातच उभे होते. मी बाजूला झालो. त्यांनी माशाकडे बघितलं. पिशवी खाली ठेवली. काचेला तळहात लावला. मग पाण्यात बोट बुडवून ते नाकाशी नेलं. एकदा जिन्याखालच्या ड्रमकडे बघितलं. मला वाटलं, आता.

“सात टाकलंस?”

“सात.”

“खाल्ले?”

“पाच.”

काका बराच वेळ माशाच्या तोंडाकडे बघत राहिले. मी विचारलं, “काय म्हणतो?”

“कण्हतोय. नाव घेत न्हाय कुनाचं.” मग कमरेवर हात ठेवून ते सरळ झाले आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “एक रात गेलो, त्याला करमलं न्हाय. मला शोधत बसला. दुःखानं पाणी बिघडतं माशाचं.”

खरं सांगायची ती वेळ होती. मी तोंडही उघडलं होतं. पण दुःखाने पाणी बिघडतं हे वाक्य इतकं तयार, माझ्या मापाचं माझ्यासमोर येऊन पडलं होतं की मी तोंड मिटलं.

“शिळं पानी पायजे,” काका म्हणाले. “दोन-तीन दिसाचं.” त्यांनी बादली उचलली आणि जिना चढायला लागले. मी मागून.

वरच्या पहिल्या वहिनींच्या दारात काकांनी विचारलं, “शिळं पानी हाय का तुमच्याकडं?”

वहिनींचा चेहरा पडला. “काय बोलता काका! आमच्याकडे शिळं पाणी नसतं. आजच सगळं ओतून भरलं.”

दुसऱ्या दारातही तेच. “इश्श! शिळं कोण ठेवतं?” त्यांच्या मागे स्वयंपाकघरात एक मोठं पिंप मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्यातलं पाणी त्या दिवशीचं नव्हतं हे त्या बाईंच्या डोळ्यांतही स्पष्ट दिसत होतं. पण कबूल कोण करणार? तिसऱ्या वहिनी तर रागावल्याच. “काका, तुम्ही आमच्या घरात येऊन बघा. एक थेंब शिळा निघाला तर सांगा!”

इतक्या स्वच्छ इमारतीत मासा मरणार असं दिसायला लागलं. तेव्हा गॅलरीच्या टोकाच्या खोलीतून त्या चौघांपैकी एकाने डोकं बाहेर काढलं. आम्ही त्याला भैयाजी म्हणायचो. नाइट शिफ्टहून येऊन तो झोपला होता.

“क्या हुआ काका?”

“पानी चाहिए. बासी.”

भैयाजी जरा शरमला. “काका, हमारे यहाँ तो चार दिन का पड़ा है. ढक्कन भी नहीं है. चलेगा?”

“दौडेगा!” काका म्हणाले.

त्या चौघांच्या आळसाबद्दल वरच्या तिन्ही वहिनी नेहमी नाक मुरडायच्या. त्या संध्याकाळी त्या आळसाने एक जीव वाचवला. आम्ही पेटीतलं पाणी मगाने काढत आणि ते पाणी मगाने घालत बसलो, एकदम नाही, थोडं थोडं. काकांनी मला मग उंच धरून वरून पाणी सोडायला शिकवलं. “दमव त्याला,” ते म्हणाले. “कुणाला?” “पान्याला.” का ते मी विचारलं नाही; पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून, हे नंतर कळलं. दोन तास मी मग उचलून पाणी सोडत होतो. हात भरून आले, आणि दर मगाला मला जरा जरा बरं वाटत होतं. मधेच पहिल्या वहिनी मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन माशाची दृष्ट काढायला खाली आल्या. त्यांनी पेटीवरून तीनदा मूठ ओवाळली. काकांनी त्यांचा हात धरून थांबवला. “मोहऱ्या जाळा तिकडं. मीठ इकडं द्या.” आणि त्यातलं खडेमीठ चिमूटभर पाण्यात सोडलं.

मासा वाचला. तिसऱ्या दिवशी सरळ झाला, पाचव्या दिवशी दाणे मागायला लागला. आजारी पडलो मी.

काकांसमोर उभं राहायचं म्हणजे ओठ उघडे टाकायचे. माझी खात्री होती की मी ‘राम राम’ म्हटलं तरी त्यांना ‘पाणी मीच बदललं’ असं दिसेल. म्हणून मी दात दुखत असल्याचं सांगून तोंडावर रुमाल धरायला लागलो. काकांनी मला लवंगा आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी लवंगाचं तेल दिलं. एका खोट्यावर दुसरं खोटं, त्यावर त्यांची माया, आणि माझे सगळे दात ठणठणीत.

आणि काका तर आनंदात होते. तेच मला सोसत नव्हतं. दूधवाला आला की सांगायचे, “एक रात गेलो तर पडला बघा.” पेपरवाल्याला, इस्त्रीवाल्याला, रस्त्यावर पत्ता विचारणाऱ्या माणसालाही. दर वेळी मासा थोडा जास्त आजारी व्हायचा. शेवटी शेवटी तर तो काकांच्या चपलांच्या दिशेला तोंड करून पडला होता, इथपर्यंत गोष्ट आली. कान गेलेल्या, एकट्या माणसाची कुणीतरी एका रात्रीत इतकी आठवण काढली होती. मी खरं सांगितलं तर काय होणार? उलट्या ड्रमाची आणि पाइपची गोष्ट उरणार, बस.

म्हणून मी गप्प बसलो असतो. कदाचित जन्मभर. पण बाळाच्या दहाव्या दिवशी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. काका फोन लांब धरून तिचे ओठ वाचत होते.

“बाबा, परवा बारसं आहे. उद्याच या.”

“न्हाय जमनार. याला कोन बगंल? एक रात गेलो तर काय झालं ठावं हाय ना?”

“मासा मोठा की नातू?”

“नातवाजवळ समदी हायत. याच्याजवळ कोन हाय?”

तिने फोन ठेवला आणि पाच मिनिटांनी मला केला. ती रडत होती. “दादा, तुम्ही समजवा हो. पाळण्याला माझ्या माहेरचं एकही माणूस नाही. सासरची माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, पण मला कळतं. बाबा सांगतात, मासा आजारी पडेल. हे मी सासूबाईंना कसं सांगू?”

मी फोन ठेवला. बायको पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करता विचारलं, “मग? सांगताय की मी सांगू?”

“काय सांगायचं?”

“तो ड्रम. इतका घासलेला ड्रम या इमारतीत तुमच्याशिवाय कोण ठेवणार? मला पहिल्या दिवशीच कळलं. जा.”

मी गेलो. काका पेटीसमोर स्टुलावर बसले होते. संध्याकाळची वेळ, वर सगळ्यांची दारं उघडी. मी मोठ्याने बोललो असतो तर सगळ्यांनी ऐकलं असतं, आणि काकांसाठी तर आवाजाची गरजच नव्हती. मी त्यांच्यासमोर बसलो, तोंडावरचा रुमाल काढला आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून सगळं सांगितलं. ड्रम, काथ्या, पाइप, औषधाचा वास. मोबाइलवर वाचलं तेही. लवंगा फुकट गेल्या तेही. आयुष्यात मी हजारो वेळा माफी मागितली असेल. आवाजाशिवाय मागितलेली ती एकच.

काका शांतपणे माझे ओठ वाचत होते. संपल्यावर त्यांनी मान हलवली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात गरजले, “ठावं हाय रं मला, पानी तूच बदललंस ते!”

वरच्या गॅलरीत तीन डोकी आली.

“हळू, काका!”

“वास येत व्हता मला. आल्या आल्या वास आला. आन् तो ड्रम! माझ्या बायकोनंसुदा कदी इतका घासला न्हाय!”

वर कुणीतरी हसलं. मी ओठांनीच विचारलं, मग बोलला का नाहीत? दुःखाने पाणी बिघडतं असं का सांगत फिरलात?

काका माशाकडे बघायला लागले. मग माझ्याकडे वळून त्यांनी काहीतरी सांगितलं. पण या वेळी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. मला काही कळलं नाही. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पुन्हा सांगितलं. मला कुठेतरी ‘पहिलं’ असा शब्द वाटला. तिसऱ्यांदा त्यांनी अगदी सावकाश ओठ हलवले, मी अगदी पुढे वाकून बघितलं आणि पुन्हा मान हलवली. तेव्हा ते चिडले.

“अरं, पयलं बाळंतपन माहेरी असतं!” ते ओरडले. “पयलं! पोरीला इथं आनाया पायजे व्हती. इथं कोन हाय करायला? मी का तिला शेक देनार व्हतो? समदं तिच्या सासूनं केलं. रातीची जागरनं, न्हाऊ, धुरी, समदं. मी गेलो तवा ती म्हातारी मला पानी द्यायला उठली, मलाच मेल्यासारखं झालं. आता बारशाला हात हलवत जाऊन कंच्या तोंडानं बसू? मासा आजारी पडला, मला बरं झालं. सांगाया निमित्त झालं.”

गॅलरीत कुणी हसलं नाही. काकांना ती माणसं दिसलीही नव्हती, कारण त्यांची पाठ तिकडे होती.

मला आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या विषयात आपण जाणकार आहोत असं वाटलं. मी म्हटलं, “काका, हेच तोंड घेऊन जायचं. मी रोज जातो.”

“तुजी गोष्ट वेगळी. तुला सवय हाय.”

पुढे बोलणं झालं नाही, कारण वरून पहिल्या वहिनी जिन्यावरून खाली आल्या, त्यांच्या मागून उरलेल्या दोघी, आणि आमच्या दारातून पिठाच्या हाताने माझी बायको. “बाळंतविडा कोण नेतंय?” पहिल्या वहिनींनी काकांसमोर उभं राहून, ओठ नीट दिसतील असं विचारलं. “माहेरचा बाळंतविडा जायला नको? झबली, टोपडी, दुपटी, डिंकाचे लाडू?”

“मला काय त्यातलं...”

“तुम्हाला कोण विचारतंय!”

त्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या इमारतीला दुसरं काम नव्हतं. डिंक आमच्याकडे तळला गेला, खोबरं तिसऱ्या वहिनींकडे भाजलं गेलं. शिलाई मशीन दुसऱ्या वहिनींची. कापड आणायला मी निघालो तर भैयाजीने अडवलं. “बाज़ार का कपड़ा बच्चे को पहनाओगे? काका ने जो लूम ठीक किया था न, मैं उसी पे हूँ. सेठ से माँग के लाया.” त्याच्या हातात मऊ, पांढऱ्या सुती कापडाची घडी होती. काकांनी तिच्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. म्हणाले, “ताण बरोबर हाय.”

जायच्या आधी त्यांनी मला पुन्हा जिन्याखाली नेलं. ड्रम शिळ्या पाण्याने भरलेला होता आणि त्यावर आता एक जाळीचं झाकण होतं. “तुज्यावर पूर्ण विश्वास हाय माजा,” असं म्हणत काकांनी त्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली कडोसरीला खोचली. मग कापडाचं बोचकं काखेत मारून, लाडवांचा डबा दोन्ही हातांत धरून पडघ्याच्या जीपमध्ये बसले. “एकच रात,” म्हणाले. “उद्या बारसं उरकलं का संध्याकाळी येतो.”

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. गोडाऊनमध्ये रजा टाकली. पेटीसमोरच्या स्टुलावर बसून माशाचा श्वास मोजला. बायको जेवायला हाक मारायची तर मी ताट तिथेच मागायचो. नळाला पाणी आलं तेव्हा मी पाइप गुंडाळून माळ्यावर टाकला. बारशाच्या संध्याकाळी काका येणार होते, आले नाहीत. मासा बरा होता, पण काका आले आणि त्याच क्षणी त्याला काही झालं तर? दुसरा दिवस गेला. काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदाची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. रिकामा डबा हलवत काका येत होते, आणि त्यांच्या अंगात नवा सदरा होता.

मी पेटी पुसून उभा राहिलो. सांगायचं सगळं मनात तयार होतं. रोज सात दाणे, खाल्ले सात, झोप शांत, कल्ले स्वच्छ.

काका आमच्याच पायरीवर टेकले आणि बोलायला लागले. पाळण्यात घालायच्या आधी विहिणबाईंनी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं होतं. त्याने मांडी ओली केली. विहिणबाईंनी बोचकं सगळ्या बायकांसमोर उघडलं आणि दुपटं हातात घेऊन त्या म्हणाल्या, बाजारात असलं मऊ मिळत नाही. मग व्याह्यांनी राहूनच घेतलं, सदरा दिला. बाळाचं नाक काकूंसारखं आहे. झोपेत हसतं. जांभई देतं तेव्हा उजवी मूठ वर जाते, डावी नाही. हे सगळं ते मला, बायकोला, वरून खाली आलेल्या वहिनींना आणि झोपेतून उठून आलेल्या भैयाजीला सांगत होते. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर उभा. माशाचं नाव नाही. पेटीकडे एकदा नजर नाही.

खरं सांगतो, मला राग आला. तीन दिवस मी त्या माशासाठी घरचा राहिलो नव्हतो. शेवटी काका जांभई देत उठले आणि खोलीकडे निघाले तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांच्या आडवा गेलो आणि, ओठ नीट दिसतील असं, म्हटलं, “काका, मासा बरा आहे हं.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखं बघितलं.

“हा, तो,” म्हणाले. “त्याला काय धाड भरलीय?”

आणि नव्या सदऱ्याची बटणं सोडत झोपायला गेले.